जाऊन येते

मुलं मला 'सार' म्हणतात. तमिळनाडूत शिक्षकाला सगळेच सार म्हणतात. पण आमच्या घरच्या मराठीत सार म्हणजे भातावर घ्यायचं सार. त्यामुळे विघ्नेश दर रविवारी विचारतो, "सार, आज घरात सार केलंय का?" आणि बाकीची मुलं पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसतात. मीही हसतो. छत्तीस वर्षं कुंभकोणमच्या शाळेत गणित शिकवलं. जो विनोद मुलांना आवडतो तो मास्तरनं मोडू नये, एवढं तरी त्यात शिकलो.

निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी माझ्या पुढच्या खोलीत दहा-बारा मुलं बसतात. सगळी मराठी घरांतली. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा आमची घरं इथं आली आणि इथलीच झाली. मुलं घरात मराठी बोलतात, उंबरा ओलांडला की तमिळ, आणि मराठी लिहायचं म्हटलं की एकमेकांकडे बघतात. त्यांना वाचायला-लिहायला शिकवतो.

नंदिता आणि पवित्रा दोघी बारा वर्षांच्या. शाळेत एका बाकावर, माझ्याकडे एका चटईवर. नंदिता आमच्याच रस्त्यावर राहते. पवित्रा मात्र जवळच्या तिरुविडैमरुदूरहून यायची, अप्पांच्या स्कूटरवर मागे बसून. तिचे अप्पा म्हणजे शिवप्रसाद. बस स्टँडपाशी त्याचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मुलीला सोडून तो पायरीवरूनच म्हणायचा, "सार, जाऊन येतो." मी म्हणायचो, "जाऊन या." आमच्याकडे नुसतं 'जातो' कुणी म्हणत नाही. निघणारा 'जाऊन येतो' म्हणतो आणि घरातला 'जाऊन या' म्हणतो. त्याशिवाय पाऊल बाहेर पडत नाही.

शिवप्रसाद कमी बोलणारा. वर्गाचा फोनवर एक ग्रुप आहे. मुलांकडे स्वतःचे फोन नसतात, म्हणून त्यात आईबापांचे नंबर. शिवप्रसादचा नंबर माझ्या फोनमध्ये 'पवित्रा' या नावानंच होता, आणि बहुतेकांच्या फोनमध्ये तसाच. त्या नंबरवरून पवित्रा लिहायची तेव्हा लांबलचक लिहायची, मध्ये फुलं, मांजरं, काय काय. शिवप्रसाद मात्र प्रत्येक गोष्टीला एक अंगठा टाकायचा. वर्ग साडेनऊला आहे: अंगठा. वर्ग रद्द आहे: अंगठा. पवित्राच्या शुद्धलेखनात एकोणीस चुका आहेत: अंगठा.

"सार, अप्पा वाचतच नाहीत," पवित्रा वैतागून सांगायची. "अम्मानं विचारलं तांदूळ आणू की गहू, तर अंगठा!"

मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, माझ्या आजाच्या काळात ज्यांना सही येत नव्हती ते अंगठा लावायचे. तू तर बी.एस्सी. झालास ना?" तो हसला, स्कूटर चालू केली आणि जाता जाता मागे न बघता हात वर करून खराखुरा अंगठा दाखवला.

एका गुरुवारी दुपारी त्यानं दुकानातल्या टेबलावर डोकं टेकलं आणि ते परत उचललं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा होता.

कुणाच्या घरी असं झालं की आमच्याकडे दुःख विचारायला जातात. माझी बायको जयलक्ष्मी त्याच संध्याकाळी शेजारणींबरोबर जाऊन आली. मी गेलो नाही. माझा गुडघा सुजला होता, बसची पायरी चढवत नव्हती. खरं तर जयलक्ष्मीचा हात धरला असता तर चढवली असती. पण हातात फोन होता. 'देव तुम्हां सर्वांना हे दुःख सोसायचं बळ देवो' असं नीट, ऱ्हस्व-दीर्घ बघून लिहिलं आणि पाठवलं. पाच मिनिटांत 'पवित्रा'कडून उत्तर आलं. जोडलेले हात आणि अंगठा.

जयलक्ष्मी आली, आंघोळ करून बाहेर बसली आणि म्हणाली, "ती पोरगी एक शब्द बोलत नाही हो. रडतसुद्धा नाही."

"बोलते की," मी फोन पुढे केला. "हे बघ, मला उत्तर आलंय."

तिनं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही तिचा चेहरा नाही बघितलात," म्हणाली आणि आत गेली.

रविवारी वर्ग भरला. पवित्राची जागा रिकामी होती आणि मुलं त्या जागेकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. नंदिता तिच्या अम्माचा फोन घेऊन आली होती. मी काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं, "सार, ती बरी आहे. मी रोज मेसेज करते. गमतीचे व्हिडिओ पण पाठवते, म्हणजे तिला बरं वाटेल. ती लगेच उत्तर देते."

"काय देते उत्तर?"

तिनं फोन दाखवला. नंदिताचा लांब मेसेज, खाली अंगठा. माकडाचा व्हिडिओ, खाली अंगठा. 'तू ठीक आहेस ना?' खाली अंगठा. 'शाळेत गणिताची परीक्षा पुढे गेली', खाली अंगठा. असे चाळीस-पन्नास असतील.

"बघा, लगेच देते," नंदिता म्हणाली. पण या वेळी ते वाक्य तिच्या तोंडून पहिल्यासारखं निघालं नाही. ती पुन्हा वर सरकवत गेली, खाली आणत गेली.

"पवित्रा अंगठा कधी टाकते?" विघ्नेश म्हणाला. "मी एकदा टाकला तर मला म्हणाली, तू काय म्हातारा आहेस का?"

"मी टाकला तर भांडते," नंदिता हळूच म्हणाली. ती फोन मांडीवर उलटा ठेवून बसली. त्या दिवशी तिनं धड्यातली एकही ओळ वाचली नाही, आणि मी वाच म्हटलं नाही.

वर्ग सुटल्यावर ती आत गेली. जयलक्ष्मी मुलांना जाताना काहीतरी खायला देते. शेजारणींकडून कळलेलं तिनं नंदिताला सहज सांगून टाकलं. सांगायला नको होतं की हवं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पवित्राचा मामा चंद्रमौळी चेन्नईहून आला आहे. तेराव्यानंतर तो पवित्राला तिकडे घेऊन जाणार, तिकडच्या शाळेत घालणार. भवानी, म्हणजे पवित्राची अम्मा, एकटी किती बघणार? पोरीनंही हो म्हटलंय.

नंदिता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातातला लाडू तसाच होता. "सार, ती चेन्नईला जाणार. तिनं मला सांगितलंच नाही. पन्नास मेसेज केले मी. पन्नास!"

"रागावलीस?"

"हो," म्हणाली. मग लाडूकडे बघत, "नाही. मला माहीत नाही, सार."

मी म्हटलं, "मलाही माहीत नाही. उद्या शाळा सुटल्यावर आपण दोघं जाऊ. तुझ्या अम्माला मी विचारतो."

"आणि गुडघा?"

"गुडघा पण येईल."

सोमवारी साडेचारला आम्ही टाउन बसमध्ये बसलो. बायकामुलींना तिकीट नाही, त्यामुळे नंदिता मला म्हणाली, "तुम्हालाच तिकीट, सार," आणि थोडी हसली. मग खिडकीबाहेर बघत बसली. भातशेतं मागे जात होती.

"सार, तिथं काय बोलायचं?"

"काही नाही बोललीस तरी चालतं. तिच्याजवळ जमिनीवर बस. कसं झालं ते विचारू नकोस. सगळं ठीक होईल म्हणू नकोस, ते तुला-मला कुठं माहीत आहे? ती रडली तर रडू दे. फोन पिशवीतच ठेव."

ती बोटांवर मोजत होती, परीक्षेआधी सूत्रं मोजते तशी.

"आणि निघताना," मी म्हटलं, "'जाऊन येते' म्हणायचं नाही. उठायचं आणि सरळ बाहेर यायचं."

"न सांगता?"

"न सांगता. अशा कारणासाठी त्या घरी पुन्हा यावं लागू नये, म्हणून दुःख विचारायला गेलेलं कुणी 'येतो' म्हणत नाही."

ती विचारात पडली. "म्हणजे ग्रुपमधून गुपचूप लेफ्ट होतात तसं?"

"जवळजवळ तसंच."

"कुणी लेफ्ट झालं की फार वाईट वाटतं, सार."

"नियम आहे गं."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं, पण तिला ते पटलेलं नव्हतं. लहानपणी मलाही ते पटलं नव्हतं, हे मला त्या बसमध्ये आठवलं.

तिरुविडैमरुदूरला त्यांचं घर देवळामागच्या रस्त्यावर. दारात चपला बऱ्याच होत्या. पुढच्या खोलीत भवानी भिंतीला टेकून बसली होती, शेजारी तिच्या नात्यातल्या दोन-तीन बायका. चंद्रमौळी एका कोपऱ्यात कागद घेऊन तेराव्याच्या स्वयंपाक्याशी फोनवर बोलत होता. भवानीनं मला बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. मी खाली बसू शकत नाही हे तिला माहीत होतं. त्या अवस्थेतही तिनं हातानं खुर्ची दाखवली. खुर्ची होती मधल्या खोलीच्या दारापाशी, त्यामुळे मला दोन्ही खोल्या दिसत होत्या.

मधल्या खोलीत पवित्रा होती. चार्जरच्या वायरीजवळ, कारण फोन वायरीला लावलेला होता. नंदिता जाऊन तिच्याशेजारी बसली. पवित्रानं तिच्याकडे बघितलं, ओळख दिली, पुन्हा खाली बघायला लागली.

कुणी काही बोललं नाही. पाच मिनिटं गेली असतील, दहा असतील. बारा वर्षांच्या मुलीला दहा मिनिटं गप्प बसणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. नंदिताचे पायाचे अंगठे चुळबुळत होते. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली: बस तशीच.

फोन वाजला. पवित्रानं न वाचता अंगठा दाबला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. पुन्हा अंगठा. नंदिता बघत होती. आता ती फोनकडे नाही, पवित्राच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा वाजला आणि पवित्राचं बोट गेलं, तेव्हा नंदिता अगदी हळू म्हणाली, "हा अप्पांचा आहे ना?"

"फोन? हो."

"फोन नाही. अंगठा."

पवित्रानं मान वर केली. मी वर्षानुवर्षं मुलांचे चेहरे वाचत वर्ग सांभाळलेला माणूस, पण असा चेहरा मी बघितला नव्हता. कुणीतरी बंद खोलीचं दार बाहेरून ठोठावावं आणि आतल्या माणसाला कळू नये की उघडावं का, तसा.

"मी नाही टाकला," ती म्हणाली, "तर अप्पांचं नाव खाली जातं."

"कुठं खाली?"

"अम्माच्या फोनमध्ये. ग्रुपमध्ये कुणी काही टाकलं आणि आपण उत्तर दिलं की त्यांचं नाव दिसत राहतं. आणि अम्माला मी वेगळा पण टाकते रोज. म्हणजे यादीत ते वर राहतात. पहिले. नाही टाकलं तर दूधवाला वर येतो, मग बँकवाले, मग…" तिनं चार्जरची वायर बोटाला गुंडाळली. "मग शोधावं लागेल."

नंदितानं गुडघे जवळ घेतले आणि पवित्राला खेटून बसली.

"त्या दिवशी," पवित्रा म्हणाली, आता ती नंदिताशी बोलत होती की भिंतीशी, सांगता येत नव्हतं, "दुकानात जाताना ते दारातून म्हणाले, जाऊन येतो गं. मी अम्माच्या फोनवर बघत होते. मान वर नाही केली. नुसता अंगठा दाखवला. असा. 'जाऊन या' म्हटलंच नाही."

माझ्या तोंडाशी शब्द आले. बाळ, त्यामुळे काही होत नाही, तुझा काही दोष नाही, हृदय असं असतं, वैद्यकशास्त्र तसं असतं. सगळं खरंच होतं. छत्तीस वर्षांची सवय, कुणी चुकीचं उत्तर दिलं की ते दुरुस्त करायला मी पुढे होतो. मी खुर्चीचा हात धरून उठायला लागलो आणि गुडघ्यानं नकार दिला. बरं झालं.

कारण तोवर नंदिता बोलली. "मी रोज तेच करते," ती म्हणाली. "आमचे अप्पा जाताना मी बघत पण नाही."

एवढंच. समजूत नाही, उपदेश नाही. पण पवित्रानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. बाहेरच्या बायकांना ऐकूही गेलं नसेल. नंदिता तशीच बसून राहिली. तिच्या हाताला मुंग्या आल्या असणार, तिनं हात हलवला नाही.

बऱ्याच वेळानं नंदिता म्हणाली, "चेन्नईला कधी जाणार तू?"

"मी? चेन्नईला कशाला?"

"तूच हो म्हणालीस ना. मामांना."

पवित्रानं डोळे पुसले, फोन उचलला, घरच्या नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये मागे मागे गेली. शनिवारचा मेसेज सापडला. मामानं लिहिलं होतं की पवित्राला तेराव्यानंतर आमच्याकडे नेतो, शाळेची चौकशी केली आहे, पवित्रा, तुला चालेल ना? त्याच्याखाली अंगठा. आणि अंगठ्याखाली सगळ्या आत्या-मामांनी, छान झालं, पोर समजूतदार आहे.

"मी वाचलंच नव्हतं," ती म्हणाली.

"मग नको म्हणून सांग."

"आता कसं सांगू? आणि मी जावं असं अम्मालाच वाटत असेल तर? ती काही बोललीच नाही माझ्याशी यावर."

"तू बोललीस?"

पवित्रानं दाराकडे बघितलं. बाहेर भवानी बसली होती, मध्ये आठ-दहा पावलं. ती आठ पावलं त्या मुलीला कुंभकोणमपेक्षा लांब वाटत होती, हे मला खुर्चीवरून दिसत होतं.

अंधार पडायच्या आत बस धरायची होती. मी नंदिताला खूण केली. ती उठली. पवित्रा जागेवरच राहिली, पुन्हा फोनकडे बघत. नंदिता नियमाप्रमाणे न बोलता मधली खोली ओलांडून आली, पुढची खोली ओलांडली. मीही भवानीला नुसते हात जोडले आणि काठी टेकत उंबऱ्याबाहेर आलो. चपला पायात घातल्या. नंदिता एक चप्पल घालून थांबली.

"चल," मी म्हटलं.

ती वळली. उंबऱ्यात उभी राहिली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पवित्रा, जाऊन येते!"

भवानीच्या आत्यानं "अय्यो!" म्हणून तोंडावर हात ठेवला. "काय पोरगी आहे! कुणी शिकवलं नाही का हिला?" मी मान खाली घातली. शिकवलं मीच होतं.

मधल्या खोलीतून पावलं वाजली. पवित्रा दारात आली. फोन आत वायरीलाच राहिला होता. तिनं नंदिताकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "जाऊन ये."

पाच दिवसांत त्या घरानं तिचा आवाज ऐकला नव्हता. भवानी भिंतीपासून सरळ झाली. पवित्रा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, शाळेत तोंडी परीक्षेला राहतात तशी, हात मागे बांधून.

"अम्मा, मी चेन्नईला जात नाही. नक्को."

चंद्रमौळीनं कागद खाली ठेवला. "पण तूच तर अंगठा टाकलास ना, बाळ?" त्याच्या आवाजात राग नव्हता, गोंधळ होता.

"तो अप्पांचा होता, मामा."

मग भवानीनं तिचा हात धरून तिला खाली ओढलं. "मला वाटलं तुला या घरात राहवत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी काही बोलले नाही गं. तुझी इच्छा मोडायची नाही म्हणून."

"मला वाटलं तुला मी नको."

"मेली!" भवानी म्हणाली, आणि तिला एक चापट मारली, आणि लगेच घट्ट धरलं. मग त्या दोघींना आमची कुणाची गरज नव्हती.

चंद्रमौळी माझ्याबरोबर पायरीपर्यंत आला. चांगला माणूस. चष्मा पुसत म्हणाला, "सार, तो मेसेज मी याच घरात बसून टाकला. ती त्या खोलीत, मी या खोलीत. तोंडानं विचारायचा धीर झाला नाही. तिचा चेहरा बघून मला रडू आलं असतं." मग थोड्या वेळानं, "ही इथं राहिली तर भवानीला दुकानाचं काहीतरी बघावं लागेल. मी महिनाभर राहतो. बघू."

"बघू," मी म्हटलं. मी 'येतो' म्हटलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या सवयी.

बसमध्ये नंदिता खिडकीपाशी बसली. मग म्हणाली, "सार, रागावलात?"

"नियम मोडलास."

"हो."

"का मोडलास?"

बस दोन थांबे पुढे गेली.

"सगळे न सांगता जात होते," ती म्हणाली. "आम्ही बसलो होतो तेव्हा चार जणं गेली. प्रत्येक वेळी ती दाराकडे बघायची. तुम्हाला नाही दिसलं?"

मला दिसलं नव्हतं. बाहेरचं दार माझ्या पाठीशी होतं, मला वाटलं ती माझ्याकडे बघते.

भवानीचा रात्री जयलक्ष्मीला फोन आला. शिवप्रसादच्या नावाबद्दलही पवित्रानं तिला सांगितलं होतं. भवानी म्हणाली, ते नाव वर दिसलं की माझं काळीज लक्कन हलतं, अक्का, बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. मग मायलेकींनी ठरवलं की अप्पांच्या फोनवरून आता कुणाला उत्तर द्यायचं नाही, फक्त अम्माला रोज एक अंगठा, झोपायच्या आधी, शेजारी बसून. कधी थांबवायचा ते नंतर बघू. मला वाटलं होतं की मी काही सल्ला द्यावा. जयलक्ष्मीनं फोन माझ्याकडे दिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. बस आणि त्या पायऱ्या यांचा हिशेब त्यानं रात्रभर चुकता केला होता. दारात नंदिता उभी. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, हातात गणिताची वही.

"चला, सार."

"कुठं?"

"तिरुविडैमरुदूरला. पवित्राचं दशांश अपूर्णांकाचं प्रकरण बुडालंय. शिवाय परीक्षा पुढच्या सोमवारी आहे, ते तिनं वाचलंच नाहीये."

"अगं, आज मंगळवार. आपल्याकडे मंगळवारी, शुक्रवारी कुणी दुःख विचारायला जात नाही. लोक काय म्हणतील? काल एक झालं तेवढं पुरे."

"मी दुःख विचारायला चाललेच नाहीये," नंदिता म्हणाली. "मी येते म्हणाले होते. ती वाट बघत असेल."

आतून जयलक्ष्मी हसली. मी तिच्याकडे बघितलं, मग नंदिताकडे. ती पायरीवर उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर, रस्त्याकडे बघत, बस चुकेल या काळजीत.

मी तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि चपला शोधायला लागलो.